ट्रेलवरच्या बाईकला अवर मीटर लावायचा का? कोणता? आणि ऑइल किती तासांनी?

घाटवाट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही बाईक आहे. ऑफिसला मी तिच्यावर जात नाही. शनिवार-रविवारी मुळशी, पवना, ताम्हिणी या बाजूच्या मातीच्या वाटांवरच ती फिरते. अडचण अशी की सर्व्हिसचं सगळं गणित किलोमीटरवर चालतं आणि माझे किलोमीटर वाढतच नाहीत. पहाटे निघायचं, दुपारपर्यंत दगडगोट्यांतून, ओढ्यांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटायची, आणि घरी येऊन बघावं तर ओडोमीटर जेमतेम चाळीसेक किलोमीटर पुढे सरकलेला. ऑइल मात्र मुदतीच्या कितीतरी आधी काळंकुट्ट. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "अजून बरेच किलोमीटर बाकी आहेत, आत्ताच कशाला बदलताय?"

मोटोक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) गाड्यांची देखभाल इंजिन किती तास चाललं त्यावर ठरते हे वाचलंय. तसा अवर मीटर आपल्या गाडीला लावण्यात अर्थ आहे का? लावायचा तर कोणत्या प्रकारचा? आणि मॅन्युअलमधल्या किलोमीटरचे तास कसे करायचे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सरळसोट
एवढं कशाला? मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल त्याच्या निम्म्यावर ऑइल बदला, विषय संपला. हे मीटरबिटर म्हणजे हँडलवर अजून एक लटकन.

बांधावरचा
घाटवाट, आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारणारच नाही. ट्रॅक्टर घेतला की पहिली सर्व्हिस ५० तासांनी, पुढचं ऑइल साधारण २५० तासांनी. ट्रॅक्टर वावरात दिवसभर राबतो पण किलोमीटर किती होतात? नांगरट असो नाहीतर रोटाव्हेटर, तास हीच खरी मोजणी. जेसीबीवाला पैसेसुद्धा तासावरच घेतो. तुमची बाईक वाटेवर कमी आणि वावरात जास्त असते, मग तिलाही तासच लावा.

चिखलपट्टी
बांधावरचा +१.
बाकी घरी "दोन तासांत येतो" सांगून जाणाऱ्यांनी मीटर लावण्याआधी नीट विचार करावा. पुरावा राहतो.

घाटवाट
@चिखलपट्टी, इंजिन बंद करून टपरीवर बसलेला वेळ त्यात धरत नाहीत, तेवढी सूट आहे :)

धूळधाण
मी लहान मुलांना मोटोक्रॉस शिकवतो, त्यामुळे हा विषय रोजचा. जरा सविस्तर लिहितो.

शर्यतीच्या गाड्यांना ओडोमीटर नसतोच. केटीएमच्या एसएक्स मालिकेवर अवर मीटर कारखान्यातूनच बसवून येतो. होंडाच्या सीआरएफ२५०आर सारख्या गाडीचं मॅन्युअल उघडलंत तर कोष्टकात "सहा शर्यती किंवा सुमारे १५ तास" अशी भाषा दिसेल. जुन्या मॅन्युअल्समध्ये पिस्टन आणि रिंगासुद्धा त्याच रकान्यात आहेत. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीत ज्या पिस्टनकडे आपण वर्षानुवर्षं ढुंकून बघत नाही, तो तिथे ऑइल फिल्टरसारखा बदलायचा भाग आहे.

बांधावरचा यांनी २५० तास लिहिले म्हणून मुद्दाम सांगतो. ४५० सीसीची मोटोक्रॉस बाईक पन्नासच्या वर हॉर्सपॉवर काढते. मधल्या आकाराचा ट्रॅक्टरही तितकीच काढतो. पण ट्रॅक्टरमध्ये कितीतरी लिटर ऑइल असतं आणि इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास फिरतं. मोटोक्रॉसच्या इंजिनात ऑइल लिटर-सव्वालिटर आणि फिरणं त्याच्या चार-पाच पट. म्हणून तिथे २५० आणि इथे १०-१५.

एक्सपल्स या दोघांच्या अधेमध्ये बसते. तिला १५ तासांचा नियम लावायची गरज नाही, आणि किलोमीटरवर सोडून देणंही बरोबर नाही. सरळसोट म्हणतात तसं निम्मं करून भागेलच असं नाही, कारण "निम्मं" कशाच्या निम्मं? एखादा आठवडा तुम्ही मुळशीच्या डांबरी रस्त्याने फिरता आणि पुढच्या आठवड्यात तेवढेच किलोमीटर पहिल्या गिअरमध्ये चढता. दोन्हीला एकच मोजमाप कसं चालेल?

सरळसोट
@धूळधाण, मुद्दा मान्य, पण तासही खोटं बोलतात की! सिग्नलवर दहा मिनिटं उभी गाडी आणि चढावर दहा मिनिटं किंचाळणारी गाडी, मीटरला दोन्ही सारखेच.

विमानमिस्त्री
सरळसोट यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आमच्या क्षेत्रात याच प्रश्नावर दोन वेगळे मीटर आहेत, म्हणून लिहावंसं वाटलं. मी शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानांच्या देखभालीत काम करतो.

सेस्ना १७२ सारख्या विमानात एक हॉब्ज मीटर असतो. तो बहुधा ऑइल प्रेशरच्या स्विचवर चालतो. इंजिन सुरू झालं, प्रेशर आलं, की घड्याळ पळायला लागतं. इंजिन मंद असो की जोरात, एक तास म्हणजे एक तास. दुसरा मोजतो तो टॅक टाइम, टॅकोमीटरला (आरपीएमच्या काट्याला) जोडलेला. इंजिन ठरावीक आरपीएमवर फिरत असेल तरच त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाएवढा भरतो. धावपट्टीकडे सावकाश जाताना तो हळू सरकतो. शिकणाऱ्याकडून पैसे घ्यायला बऱ्याच ठिकाणी हॉब्ज वापरतात, आणि देखभालीची नोंद बहुतेक वेळा टॅकवर होते.

या विमानांतल्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनांचा ओव्हरहॉलचा (पूर्ण उघडून दुरुस्त करायचा) आकडा साधारण २००० तास असतो, फिल्टर असेल तर ऑइल ५० तासांनी. तिथे किलोमीटरचा उल्लेखही नसतो.

बांधावरचा
विमानमिस्त्री, अहो हे तर आमच्या ट्रॅक्टरचंच! जुन्या ट्रॅक्टरला केबलवर चालणारा मीटर असतो, आरपीएमचा काटा आणि तासांचे आकडे एकाच डबीत. तो पण इंजिनाच्या फेऱ्याच मोजतो. रेस कमी ठेवून ट्रॉली ओढली तर घड्याळाच्या तासापेक्षा मीटरचा तास कमी भरतो. भाड्याने ट्रॅक्टर देताना यावरून बांधावर भांडणं झालेली मी बघितलीत. मालक म्हणतो घड्याळ धरा, गिऱ्हाईक म्हणतं मीटर धरा.

चिखलपट्टी
ट्रॅक्टर आणि विमान एकाच धाग्यात! वाचनखूण साठवली आहे.

धूळधाण
विमानमिस्त्री, फार छान माहिती. बाईकला बाजारात मिळणारे बहुतेक अवर मीटर हॉब्जच्या जातीचे, म्हणजे नुसतं घड्याळ. सरळसोट यांची शंका त्यामुळे खरीच आहे. पण ट्रेलवर गाडी सिग्नलला उभी राहत नाही. तिथला तास साधारण एकाच प्रकारचा असतो, म्हणून तुलना जमते. आणि जे गाडी रस्त्यावरही वापरतात त्यांनी दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. महिन्याला किती किलोमीटर आणि किती तास, भागाकार केला की सरासरी वेग निघतो. तो वेग १५ च्या खाली असेल तर गाडीने कष्ट काढलेत, ३५ च्या वर असेल तर फिरून आली. तुमच्या शंकेचं उत्तर त्या भागाकारात मिळतं.

सरळसोट
हा भागाकार पटला. लटकन शब्द मागे घेतो.

तालमीतला_मिस्त्री
कोल्हापुरात गॅरेज आहे माझं, रॅलीवाली पोरं गाड्या घेऊन येतात. मीटर बसवायचं मी सांगतो.

तीन जाती येतात. पहिली, प्लगच्या जाड काळ्या वायरीवर बारीक वायर गुंडाळायची. ठिणगी पडली की मीटरला कळतं. दुसरी, हादऱ्यावर चालणारी, नुसती चिकटवायची. तिसरी, इग्निशनच्या वायरीला जोडायची.

तिसरीचा तोटा, चावी चालू राहिली तर इंजिन बंद असतानाही तास मोजते. दुसरी बसवायला सगळ्यात सोपी, पण गाडी टेम्पोत बांधून न्याल तर टेम्पोचेच हादरे मोजायला लागते, त्यामुळे भरवसा नाही. माझ्या गिऱ्हाइकाला मी पहिलीच सांगतो.

आता बसवताना काय चुकतं बघा. बारीक वायर प्लगच्या वायरीवर चार-पाच घट्ट वेढे द्यायची, एकमेकांना चिकटून. सैल वेढे दिले की मीटर कधी मोजतो, कधी नाही. वर इन्सुलेशन टेप आणि दोन्ही टोकांना झिप टाय. उरलेली वायर तिथेच गुंडाळून ठेवू नका, मोजून कापा. ती सायलेन्सरच्या बेंडपासून लांब न्या, नाहीतर पहिल्याच चढाला वितळते. टाकीखालून नेताना हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जायला नको. आणि दुसऱ्या वायरींच्या जुडग्यात बांधू नका, तिथले सिग्नलही ती पकडते.

काही गाड्यांत कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसते, जाड वायर नसतेच. तिथे कॉइलकडे जाणाऱ्या वायरीवर वेढे द्यायचे. वेढे जरा जास्त लागतात, बाकी काम तेच.

घाटवाट
मिस्त्री, दंडवत! एक शंका. काही मीटरमध्ये आरपीएमही दिसतो आणि सेटिंगमध्ये "एका फेरीला एक ठिणगी", "दोन फेऱ्यांना एक" असे पर्याय असतात. फोर-स्ट्रोक म्हणून "दोन फेऱ्यांना एक" निवडायचं ना?

तालमीतला_मिस्त्री
पुस्तकात तसंच आहे, पण गाडीत बघून ठरवा. फोर-स्ट्रोक इंजिनाला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी लागते हे खरं. पण कितीतरी एका सिलिंडरच्या गाड्यांत क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावरून) सिग्नल घेतात, मग प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. एक कामाची आणि एक एक्झॉस्टच्या वेळी वाया जाणारी. सेटिंग चुकलं तर आरपीएम दुप्पट नाहीतर निम्मा दिसतो. गाडी गरम करून आयडलला ठेवा. गाडीच्या काट्यावर चौदाशे आणि मीटरवर अठ्ठावीसशे दिसलं तर दुसरा पर्याय निवडा. तासांवर मात्र याचा परिणाम होत नाही.

वाळवंटी
फिनिक्सहून लिहितेय. इकडे ॲरिझोनाच्या वाळवंटात आम्ही गाड्या पिकअपवर टाकून नेतो, त्यामुळे हादऱ्यावरच्या मीटरबद्दल मिस्त्रींनी लिहिलेलं शंभर टक्के पटलं. चांगल्या कंपन्या म्हणतात की मीटर फक्त इंजिनाचा हादरा ओळखतो, तरी वॉशबोर्ड झालेल्या (आडव्या लाटा पडलेल्या) कच्च्या रस्त्यावरून नेल्यावर आकडा एकदा तपासून घ्यावा.

मला वेगळंच सांगायचंय. इकडे जुन्या डर्ट बाईकच्या जाहिरातीत पहिला आकडाच तासांचा असतो. "चाळीस तास चाललेली" असं लिहिलं की किंमत वाढते. आणि तो मीटर चार स्क्रू काढून बदलता येतो! म्हणून गाडी घेताना मी मीटर सगळ्यात शेवटी बघते. आधी फ्रेम, जिथे बूट घासतो तिथला रंग कितपत उडालाय. क्लचच्या कव्हरवर बुटाने घासून चमक आलीय का. फूटपेगचे (पाय ठेवायच्या दांडीचे) दात झिजलेत का आणि पेग खाली लोंबतोय का. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चेन घासते तिथलं रबर किती खाल्लं गेलंय. वीस तासांच्या गाडीचे पेग गुळगुळीत नसतात. शेवटी मालकाला विचारते, तासांची वही आहे का? ज्याच्याकडे वही आहे, त्याची गाडी जास्त तासांची असली तरी मी घेईन.

धूळधाण
वाळवंटी +१०००. वहीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडेही आता हा बाजार उघडतोय. केटीएमने २०२४ च्या अखेरीस ४५० एसएक्स-एफ पासून मुलांच्या ५० एसएक्स पर्यंतच्या गाड्या भारतात विकायला आणल्या, कावासाकीच्या केएक्स आधीपासून येतातच. त्या गाड्या पुढे सेकंडहँड बाजारात येणार. माझ्याकडे एका पालकांनी आणलेल्या जुन्या गाडीवर मीटर नवाकोरा आणि पेग साबणासारखे गुळगुळीत होते. विकणाऱ्याने "फक्त बारा तास" सांगितलं होतं. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट, झिजेनुसार बदलते ती) तपासल्यावर खरं काय ते कळलं. आधी इंजिन उघडायचा खर्च धरा आणि मग भाव करा, एवढंच मी त्यांना सांगितलं.

रानपाखरू
जरा अवांतर. घाटवाट, ताम्हिणीचा बराच भाग अभयारण्य आहे. तिथे जंगलातल्या वाटांवर गाड्या घालू नयेत ही कळकळीची विनंती. पावसाळ्यात एक चाकोरी पडली की तिचा ओहोळ होतो आणि माती वाहून जाते.

घाटवाट
रानपाखरू, अगदी बरोबर. आम्ही गावांना जोडणाऱ्या कच्च्या रस्त्यांवरच असतो, शेतातून जायचं असेल तर मालकाला विचारून. पावसाचे दोन महिने त्या बाजूला जातच नाही.

रानपाखरू
धन्यवाद. सगळ्या ग्रुपनी हे पाळलं तर वाटा कुणी बंद करणार नाही.

आरएक्सप्रेमी
माझ्या आरएक्स १३५ ला लावता येईल का? टू-स्ट्रोकला ऑइल बदलायचा प्रश्नच नाही (गिअरबॉक्स सोडून), मग फायदा काय?

तालमीतला_मिस्त्री
येतं की, जाड वायर समोरच आहे, सेटिंग "एका फेरीला एक". फायदा असा, बोअर-पिस्टन केल्यावर मीटर शून्यावर घ्यायचा, म्हणजे रिंगांचं आयुष्य कळतं. एकूण तास आणि शून्यावर घेता येणारे तास असे दोन आकडे असलेला मीटर घ्या. एकूणचा आकडा कधी हलवू नका. गिअरबॉक्स ऑइल पण तासावर ठेवा, क्लच त्यातच भिजतो.

विमानमिस्त्री
क्लचवरून आठवलं. घाटवाट यांचं ऑइल लवकर काळं का होतं याचं मोठं कारण तेच असावं. आपल्या बहुतेक बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच ऑइल. चढावर क्लच अर्धवट दाबून गाडी काढली की प्लेटांचा भुगा त्याच ऑइलमध्ये उतरतो. गिअरचे दात ऑइल चिरडत राहतात, त्याने ते पातळ होतं. त्यात वेग माणसाच्या चालण्याएवढा, ऑइल कूलरला वारा नाही. किलोमीटरमध्ये यातलं काहीच उमटत नाही.

घाटवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नावर येतो. वायर गुंडाळायचा मीटर घ्यायचं पक्कं. पण किलोमीटरचे तास करायचे कसे?

धूळधाण
माझी पद्धत सांगतो, ज्याने त्याने आपल्या गाडीचं मॅन्युअल बघून आकडे भरावेत. समजा मॅन्युअलमध्ये ऑइल ३००० किलोमीटरला आहे. कंपनीने रस्त्यावरची गाडी धरलीय, सरासरी ४० चा वेग धरू. म्हणजे ७५ तास. ट्रेलवर तुमचा वेग ताशी १३-१४ असेल, तर ७५ तासांत हजारेक किलोमीटरच होतील. इथेच तुमच्या सर्व्हिस सेंटरचं आणि तुमचं गणित फाटतं. आता क्लच, उष्णता, धूळ यांसाठी त्यातून निम्मे तास कमी करा. राहिले ३५ ते ४०. दोनशे सीसीच्या ट्रेल बाईकला माझ्या मते हा आकडा योग्य आहे. लिटरभर ऑइलचा खर्च क्रँकच्या बेअरिंगपुढे काहीच नाही.

एक मात्र सांभाळा. वॉरंटीत असाल तर कंपनीच्या किलोमीटरच्या आणि महिन्यांच्या सर्व्हिस चुकवू नका, त्यांचे शिक्के लागतात. तासांचं ऑइल हे त्याच्या मधलं, तुमचं स्वतःचं.

सरळसोट
आणि एअर फिल्टर? तोही तासावर?

वाळवंटी
फिल्टर तासावर नाही, धुळीवर. एकटी पुढे असेन तर फिल्टर दोन राईड चालतो. ग्रुपच्या मागे धूळ खात गेले तर त्याच संध्याकाळी काढायचा. फोमचा असेल तर धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, फिल्टर ऑइल लावून पिळायचा आणि कडेला ग्रीस लावून बसवायचा. कागदी असेल तर झटकून भागवू नका, बदला. कोकणातली तांबडी धूळ इकडच्या धुळीइतकीच बारीक असते, फटीतून आत जाते.

बांधावरचा
आमच्याकडे मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा फिल्टर रोज संध्याकाळी बघतात. तेव्हा तास कुणी मोजत नाही.

घाटवाट
ठरलं. मीटर मागवलाय, दोन आकड्यांचा. मिस्त्री, पावसात पाणी जाऊन बंद पडतो का हो? आणि सेल बदलता येणारा घेऊ की सील केलेला?

तालमीतला_मिस्त्री
सील केलेल्यात पाणी जात नाही, पण आतला सेल संपला की अख्खा मीटर फेकायचा आणि तास गेले. सेल बदलता येणारा घ्या, झाकणाच्या रबरी रिंगेला बोटभर सिलिकॉन ग्रीस लावा आणि गाडी धुताना प्रेशरची नळी थेट त्याच्यावर मारू नका. सेल काढायच्या आधी आकडा वहीत लिहा, काही मीटर सेल काढला की शून्यावर येतात. बसवताना अडलात तर वेढ्यांचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.